शिरोलीची ड्युटी सांभाळून सीपीआयएमची तयारी

सीपीआयएम या प्लॅनिंगच्या आणि मालसाठ्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मला २८८ पडले. पास व्हायला ३०० लागतात. घरी सांगितलं तर आईनं विचारलं, "कितीपैकी?" ३५० पैकी म्हटल्यावर तिला वाटलं, पोरगं डिस्टिंक्शन घेऊन नापास झालंय. या परीक्षेची मोजपट्टीच तशी आहे. ती २०० ला सुरू होते आणि ३५० ला संपते. त्यामुळं २८८ म्हणजे ८२ टक्के असा हिशोब करून मनाची समजूत घालू नका. मी घातली होती, दोन महिने त्यातच गेले.

अभ्यास कमी पडला नव्हता. बारा वर्षं मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री (ओतकाम) आणि मशीनशॉपचं प्लॅनिंग बघतोय, आणि पेपरातल्या प्रत्येक प्रश्नाला मी शिरोलीत बसून उत्तर दिलं. पेपर काढणाऱ्याला शिरोली माहीत नाही. पुण्याच्या कस्टमरचा संध्याकाळी चारला फोन येतो, 'उद्या सकाळी ५०० नग पायजेत' म्हणतो आणि आपण रात्रपाळीला माणसं थांबवून ते देतो, ही आपली हुशारी. पेपरात याच हुशारीचे मार्क जातात. त्यामुळं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं पीपीसीत (उत्पादनाच्या प्लॅनिंगला), स्टोअरमध्ये किंवा डिस्पॅचला असणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितोय.

परीक्षा आहे काय

सीपीआयएम म्हणजे सर्टिफाइड इन प्लॅनिंग अँड इन्व्हेंटरी मॅनेजमेंट. घेते अमेरिकेतली एएससीएम (असोसिएशन फॉर सप्लाय चेन मॅनेजमेंट) ही संस्था. जुनी माणसं तिला अजून एपिक्स म्हणतात. १९५७ साली ती त्या नावानं सुरू झाली. पूर्वी सीपीआयएमचे दोन वेगळे पेपर असत. २०२३ मध्ये ८.० आवृत्ती आली आणि एकच पेपर झाला. त्यामुळं एखादा सीनियर 'पार्ट वन, पार्ट टू' करत जुनी पुस्तकं देऊ लागला तर चहा पाजा, पुस्तकं घेऊ नका.

पेपर इंग्रजीत, कॉम्प्युटरवर. १५० प्रश्न, साडेतीन तास, प्रत्येकाला चार पर्याय. त्यातले २० प्रश्न नुसते चाचणीसाठी घातलेले असतात, ते मोजत नाहीत. पण कुठले ते कळत नाही, म्हणून सगळेच जीव लावून सोडवायचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बसायला डिग्रीची किंवा अनुभवाची अट नाही. डिप्लोमावाला सुपरवायझरही बसू शकतो, आणि माझ्या मते त्यानंच जास्त बसावं.

अभ्यासक्रमात आठ भाग आहेत: धंद्याचं धोरण आणि सप्लाय चेनचा मेळ, एस अँड ओपी (विक्री आणि उत्पादनाचा एकत्रित प्लॅन), मागणी, पुरवठा, इन्व्हेंटरी, तपशीलवार शेड्यूल, वितरण, आणि शेवटी क्वालिटी, सुधारणा व तंत्रज्ञान. कुठल्या भागाला किती वजन हे परीक्षेच्या 'कंटेंट मॅन्युअल'मध्ये दिलंय. ते एएससीएमच्या साइटवर मिळतं. पहिलं काम ते उतरवून प्रिंट काढायचं. आपल्यासारख्यांना मागणीपासून शेड्यूलपर्यंतचे चार भाग ओळखीचे वाटतात. धोरण, एस अँड ओपी आणि वितरण हे मात्र आपण कधी केलेलेच नसतात, कारण धोरण मालकाच्या डोक्यात असतं आणि वितरण ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात. अभ्यासाचे तास वाटताना हे लक्षात ठेवा.

आणि एक आधीच सांगतो. फी डॉलरमध्ये आहे, अभ्यासाचं अधिकृत साहित्य वेगळं घ्यावं लागतं, सगळं मिळून खिशाला चांगलीच चाट बसते. आहे त्याच कारखान्यात पगार वाढेल या आशेवर बसत असाल तर आधी साहेबांशी बोलून घ्या. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत किंवा आखातात जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तारीख आधी, पुस्तक नंतर

आपण डिस्पॅचच्या तारखेपासून मागं मोजत भट्टीची तारीख काढतो. इथंही तेच करायचं. नोकरी करून आठवड्याला आठ तास निघतात असं धरलं तर मला बावीस आठवडे लागले. दिवाळीचा फराळ संपला की सुरुवात, जोतिबाची चैत्र यात्रा झाली की एप्रिलअखेर पेपर, हे गणित कोल्हापूरला सोसतं. मधे मार्च येतो. मार्चच्या शेवटच्या दोन आठवड्यांत कारखान्यात काय चाललेलं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. ते दोन आठवडे प्लॅनमध्ये शून्य धरा. 'तेव्हाही थोडा करू' असं लिहिलेला प्लॅन पहिल्या झटक्यात कोलमडतो, मग उरलेल्यावरचाही विश्वास उडतो.

जुलै-ऑगस्टची तारीख घेऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याकडची वाहतूक बंद पडली. पेपर पुण्याला असेल तर काय कराल? (हाच पूर पुढं पुरवठ्यातली जोखीम शिकताना उदाहरण म्हणून वापरा. एकाच रस्त्यानं येणारा कच्चा माल म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.)

वेळ कुठली? तालमीत पोरं जोर-बैठका मारायला जातात ती. पहाटे पाच ते साडेसहा, आठवड्यातले चार दिवस, आणि सुट्टीच्या सोमवारी दोन तास. रात्री नऊला घरी येऊन अभ्यास करीन म्हणणारे मी बरेच बघितले, त्यात मीही होतो.

शब्दांची वही

ही पायरी लोक वगळतात. माझे सगळ्यात जास्त मार्क इथंच गेले, म्हणून इथं जरा थांबतो.

आपण शॉपवर इंग्रजी शब्द सर्रास वापरतो, पण आपल्या अर्थानं. परीक्षेचा अर्थ वेगळा असतो आणि पेपर काढणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. 'बॅकलॉग' घ्या. आपल्याकडं बॅकलॉग म्हणजे तारीख उलटून गेलेला, थकलेला माल. मीटिंगमध्ये शिव्या खायला लावणारा. परीक्षेत बॅकलॉग म्हणजे हातात आलेल्या पण अजून न पाठवलेल्या सगळ्या ऑर्डरी, मग त्यांची तारीख पुढच्या महिन्याची का असेना. हा एक अर्थ उलटा धरला की त्यावर उभे असलेले दोन-तीन प्रश्न गेलेच.

'एफिशियन्सी'चंही तसंच. शॉपवर कुठल्याही टक्क्याला आपण एफिशियन्सी म्हणतो. परीक्षेत दोन वेगळी माणसं आहेत. युटिलायझेशन म्हणजे मशीन हाताशी होतं त्यातले किती तास खरोखर चाललं. एफिशियन्सी म्हणजे जितके तास चाललं त्यात स्टँडर्डच्या मानानं किती काम निघालं. दोन पाळ्यांत तीन व्हीएमसी (मशीनिंगची मशीनं), दिवसाला १६ तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे २८८ तास. युटिलायझेशन ८५ टक्के, एफिशियन्सी ९५ टक्के असेल तर रेटेड कपॅसिटी, म्हणजे खरोखर जेवढं काम निघेल ते, २८८ × ०.८५ × ०.९५, म्हणजे साधारण २३२.५ तास. कस्टमरला आपण २८८ धरून शब्द देतो आणि मग शनिवारी रात्री मशीनशॉपमध्ये जाऊन बसतो.

'शेड्यूल्ड रिसीट' आणि 'प्लॅन्ड ऑर्डर' यातला फरकही असाच. पहिली म्हणजे सोडलेली, कागद निघालेली ऑर्डर. दुसरी अजून नुसती सिस्टिमच्या मनात आहे, पुढच्या रनमध्ये बदलू शकते. 'एमपीएस' (मास्टर प्रॉडक्शन शेड्यूल) म्हणजे फोरकास्ट नव्हे. तो आपण काय बनवणार याचा शब्द आहे, बाजार काय मागेल याचा अंदाज नाही.

एक दोनशे पानी वही घ्या. डावीकडं शब्द, मधे परीक्षेचा अर्थ आपल्या मराठीत, उजवीकडं शॉपवर आपण त्याला काय म्हणतो ते. एएससीएमचा स्वतःचा शब्दकोश आहे, अर्थ तिथूनच घ्यायचा, गुगलवरून नाही. माझ्या वहीत शेवटी चारशेच्या आसपास शब्द झाले. त्यातल्या सत्तर-ऐंशी ठिकाणी उजवा आणि मधला रकाना जुळत नव्हता. तेवढ्या ओळींना लाल पेनानं खूण केली आणि शेवटच्या आठवड्यात फक्त त्याच वाचल्या.

गणित: थोडंच, पण हातानं

सूत्रं अवघड नाहीत. अवघड असतं एकक. महिना दिलाय की वर्ष, रुपये दिलेत की टक्के, नग मागितलेत की तास.

सुरुवात एमआरपीच्या (कुठला माल किती आणि कधी लागेल याच्या) तक्त्यानं करा, एक्सेल न उघडता. समजा पंप बॉडीची कास्टिंग आहे. चार आठवड्यांची गरज ८०, ६०, १५० आणि ७०. हातात १०० नग. दुसऱ्या आठवड्यात १०० येणार आहेत. लॉट १०० चा, लीड टाइम (ऑर्डर सोडल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) दोन आठवडे. पहिल्या आठवड्याअखेर उरले २०. दुसऱ्यात १०० आले, ६० गेले, उरले ६०. तिसऱ्यात १५० पाहिजेत, ९० कमी पडतात, म्हणून १०० ची ऑर्डर तिसऱ्यात आली पाहिजे, म्हणजे पहिल्याच आठवड्यात सोडली पाहिजे. उरले १०. चौथ्यात ६० कमी, पुन्हा १००, सोडायची दुसऱ्या आठवड्यात, शेवटी उरतात ४०. असे तीस तक्ते हातानं सोडवा. दहाव्यापर्यंत कंटाळा येतो, विसाव्यानंतर आकडे दिसायच्या आधी उत्तर दिसायला लागतं.

फाउंड्रीवाल्यांनी इथं एक सापळा ओळखून ठेवावा. रिजेक्शन ८ टक्के आहे आणि १०० चांगले नग पाहिजेत, तर ओतायचे किती? १०८ नव्हे. १०० ला ०.९२ नं भागा, १०८.७ येतात, म्हणजे १०९. एका नगाचा फरक, पण पर्यायांत १०८ ठेवलेलाच असतो, आणि घाईत हात तिकडंच जातो.

इओक्यूचं (एका वेळी किती मागवलं की खर्च सगळ्यात कमी, याचं) सूत्र १९१३ सालचं, फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनिअरनं मांडलेलं. मला ते समजलं ते आमच्या मोल्डिंगच्या आण्णांकडून. मी एकदा त्यांना म्हटलं, साच्याच्या वीसच पेट्या काढा, बाकीच्या नकोत. ते म्हणाले, "पॅटर्न चढवायला-उतरवायला पाऊण तास जातोय, आन् वीस पेट्या? मग पाऊण तासाचं पैसं तुझ्या पगारातनं कापू का?" सूत्राचा अर्धा भाग हाच आहे. उरलेला अर्धा, म्हणजे जास्तीच्या पेट्या यार्डात पडून राहतात त्याचा खर्च. तो आण्णांच्या हिशोबात नव्हता.

आकड्यात बघा. फीडरला लावायची स्लीव्ह, वर्षाला ४,८०० लागतात. एका ऑर्डरचा खर्च ६०० रुपये. स्लीव्ह ८० रुपयांची, साठवणुकीचा खर्च किमतीच्या २० टक्के, म्हणजे नगाला वर्षाला १६ रुपये. दोन गुणिले ४,८०० गुणिले ६००, भागिले १६, त्याचं वर्गमूळ: ६००. वर्षात आठ ऑर्डरी, त्यांचा खर्च ४,८००. सरासरी साठा ३००, त्याचा खर्चही ४,८००. दोन्ही खर्च सारखे आले की उत्तर बरोबर, ही फुकटची तपासणी. प्रश्नात 'महिन्याला ४००' असं दिलेलं असतं आणि साठवणूक वर्षाची. तिथं पाय घसरतो.

सेफ्टी स्टॉकमध्ये (अडीनडीला ठेवायच्या जादा साठ्यात) वर्गमूळ विसरतात. आठवड्याच्या मागणीचं स्टँडर्ड डेव्हिएशन (चढउताराचं माप) २५, लीड टाइम चार आठवडे, तर २५ ला चारनं गुणायचं नाही, चारच्या वर्गमूळानं, दोननं. ५० आले. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलला (शंभरातल्या ९५ खेपांना माल पुरावा असं धरलं तर) १.६५ नं गुणलं की ८२.५, म्हणजे ८३ नग. ९८ टक्के हवे असतील तर २.०५, म्हणजे १०३. तीन टक्क्यांसाठी वीस नग जास्त. 'एकसुद्धा लाइन थांबायला नको' म्हणणाऱ्या साहेबांना हे गणित करून दाखवा.

एटीपीवर (अव्हेलेबल टू प्रॉमिस, म्हणजे कस्टमरला शब्द देता येईल एवढा मोकळा माल) दोन-तीन दिवस घालवा. हातात ५० आहेत आणि पहिल्या आठवड्याच्या ऑर्डरी ३०, म्हणजे २० मोकळे. दुसऱ्या आठवड्यात १०० बनणार. त्यातून दुसऱ्याच्या ४० आणि तिसऱ्याच्या ४५ द्यायच्यात, म्हणजे मोकळे १५. कस्टमर दुसऱ्या आठवड्यात ३० मागतोय, देता येतील का? येतील, २० आणि १५ मिळून ३५ आहेत. आपण मात्र यार्डात ढीग बघून 'हो' म्हणतो.

फोरकास्टच्या चुकीत बायस आणि एमएडी वेगळे ठेवा. चार महिन्यांच्या चुका +१०, −१०, +२०, −२० असतील तर बायस शून्य, एमएडी १५. पहिला आकडा सांगतो की अंदाज एका बाजूला झुकलेला नाही, दुसरा सांगतो की तो दर महिन्याला सरासरी १५ नं हुकतोय. बाकीची सूत्रं वाचून जमतात.

शिरोली बाहेर ठेवून बसा

आता मूळ दुखणं. असा एक प्रश्न समजा: शेड्यूलच्या गोठवलेल्या (बदल करायचे नाहीत असं ठरलेल्या) काळात मोठा कस्टमर जास्त माल मागतो, प्लॅनरनं सर्वांत आधी काय करावं? पर्याय: ओव्हरटाइम लावावा, सप्लायरला कच्चा माल लवकर पाठवायला सांगावं, मटेरियल आणि कपॅसिटीवर काय परिणाम होईल ते तपासून निर्णय वरिष्ठांकडं न्यावा, किंवा सरळ नाही म्हणावं. मी पहिल्या खेपेला असल्या सगळ्या प्रश्नांना पहिला नाहीतर दुसरा पर्याय टिकमार्क केला. बरोबर उत्तर तिसरं. परीक्षेच्या जगात प्लॅनर धावत नाही. तो आधी परिणाम मोजतो आणि कुणाची ऑर्डर मागं पडणार हे ज्याच्या अधिकारात आहे त्याच्यापुढं ठेवतो. प्रश्नातला 'सर्वांत आधी', 'सर्वांत योग्य' हा शब्द पेन्सिलनं गोल करायची सवय सराव करतानाच लावा.

तसंच बॉटलनेकचं, म्हणजे जिथं सगळं काम अडतं त्या जागेचं. आमच्या इथं वीज आणि भट्टी हेच बॉटलनेक. फेटलिंगचा (कास्टिंग साफ करणारा) माणूस रिकामा दिसला की मालकांचा पारा चढतो, म्हणून आपण त्याला काहीतरी काम लावतो. पुस्तक म्हणतं, रिकामा राहू दे. जे केंद्र बॉटलनेक नाही ते नुसतं चालू दिसावं म्हणून चालवलंत तर मधला माल साचेल, भट्टीचं एक टनसुद्धा वाढणार नाही. चाल भट्टीनं ठरवायची, तिच्यापुढं थोडा साठा ठेवायचा, आणि सुरुवातीला माल सोडायचा तो तिच्या चालीनं. हे तत्त्व पटायला मला परीक्षेपेक्षा कारखान्यातच जास्त वेळ लागला.

एस अँड ओपीचं मर्म एवढंच धरा. तिथं चर्चा प्रॉडक्ट फॅमिलीची असते, किती टन, किती नग. कुठलं मॉडेल कुठल्या दिवशी हे पुढं मास्टर शेड्यूलमध्ये ठरतं. पर्यायात एस अँड ओपीच्या मीटिंगमध्ये एखाद्या पार्ट नंबरवर वाद चाललेला दिसला की तो पर्याय बहुधा खोडायचा. आपल्या दर आठवड्याच्या मीटिंगा उलट्या चालतात, हे मान्य.

शेवटचे सहा आठवडे

सराव प्रश्न सोडवताना मार्क मोजू नका, चुका मोजा, आणि प्रत्येक चुकीपुढं कारण लिहा. माझी तीनच कारणं होती: शब्द चुकीचा समजला, गणितात घसरलो, आणि तिसऱ्या कारणाला मी 'शिरोली' असंच लिहायचो. एका सरावात ४१ चुका झाल्या, त्यात १९ शिरोलीच्या. पुस्तक पुन्हा वाचून त्या कमी होत नाहीत. त्या प्रश्नाला पुस्तकातला प्लॅनर काय म्हणेल आणि का, हे दोन ओळींत वहीत लिहिलं की होतात.

पूर्ण १५० प्रश्नांचा सराव निदान तीनदा, एका बैठकीत, घड्याळ लावून. २१० मिनिटांत १५० प्रश्न म्हणजे प्रश्नाला ८४ सेकंद. गणिताचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला नाही तर अंदाजानं एक पर्याय लावा, खूण करा, पुढं चला. शंभराव्या प्रश्नानंतर इंग्रजी वाक्यं डोळ्यांपुढं नाचायला लागतात. ती सवय घरीच मोडायची असते. मराठी माध्यमातनं शिकलेल्यांनी शेवटचा महिना रोज दोन पानं इंग्रजी साहित्य मोठ्यानं वाचावं. घरचे हसतील.

नाव, प्रवास, पेपर

नाव नोंदवताना ओळखपत्रावर आहे तसंच नाव आणि आडनाव भरा. आपल्याकडं वडिलांचं नाव कधी मधे, कधी शेवटी, आणि एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं स्पेलिंग. दारात जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. पासपोर्ट असेल तर तोच धरून चाला, नसेल तर नोंदणीआधी काढून घ्या. परीक्षा पिअर्सन व्हीयूई या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर होते. घरून ऑनलाइनही देता येते, पण त्याला बंद खोली, कुणीही आत न येणं आणि न जाणारी वीज लागते. एकत्र कुटुंबात या तिन्ही गोष्टी साडेतीन तास मिळत असतील तर खुशाल द्या. मी पुण्याला गेलो, आदल्या दिवशी दुपारची गाडी धरून. पहाटे निघून दहाला पेपरला बसणारे मधे कात्रजला अडकले की काय होतं ते मी ऐकलंय.

आदल्या रात्री फक्त लाल खुणांच्या ओळी वाचा. तांबड्या रश्शाचा बेत पेपर झाल्यावर.

निकाल केंद्रावरच कळतो. पास झालात तर प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी असतं. पुढं टिकवायला त्या काळात ७५ गुण जमवावे लागतात, ट्रेनिंग, सेमिनार, शिकवणं अशा कामांतून. कारखान्यात झालेल्या ट्रेनिंगचे हजेरीचे कागद तेव्हापासूनच एका फायलीत ठेवा. पाच वर्षांनी एचआरकडं ते सापडत नाहीत.